क्रोमियम-झिंक सेलेनाइड लेसर: मुंबईच्या हवेत वापरलेल्या एका यंत्राचे परीक्षण

मध्य-अवरक्त पट्ट्यातील, म्हणजे साधारण २ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीचा लेसर घ्यावा का, आणि घ्यायचाच झाला तर कोणत्या जातीचा घ्यावा, अशी विचारणा आमच्याकडे येणाऱ्या मंडळींकडून अलीकडे वरचेवर होते. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील आमच्या कार्यशाळेत पारदर्शक प्लास्टिकचे वैद्यकीय सुटे भाग जोडण्याचे काम चालते, आणि त्यासाठी आम्ही एका परदेशी कंपनीकडून क्रोमियमयुक्त झिंक सेलेनाइडच्या स्फटिकावर चालणारा लेसर मागवला. हिवाळा, उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा त्याने आमच्याकडे काढला असल्यामुळे त्याच्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव देण्याचे मी टाळले आहे. खाली नोंदवलेले बहुतेक गुणदोष या एका उत्पादनापुरते नसून त्याच्या संपूर्ण जातीचे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. या यंत्रातील स्फटिक फार उत्तम आहे, पण त्या स्फटिकाभोवती उभी केलेली आरशांची मांडणी आपल्या शहरातील दमट, हादऱ्यांच्या आणि अधूनमधून वीज जाणाऱ्या जागांसाठी नाजूक आहे. हाच स्फटिक फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूच्या रूपात मिळू लागेल तेव्हा या यंत्राच्या बऱ्याचशा तक्रारी आपोआप मिटतील, असे मला मनापासून वाटते आणि त्याची कारणे या लेखात दिली आहेत.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. एका बाजूला थुलियम हा धातू मिसळलेल्या सिलिका काचेच्या फायबरचा लेसर आहे, जो १९०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. हा प्रकाश पंप म्हणून, म्हणजे स्फटिकाला ऊर्जा पुरवण्यासाठी, काही मिलिमीटर लांबीच्या क्रोमियम-झिंक सेलेनाइडच्या तुकड्यावर केंद्रित केला जातो, आणि त्या तुकड्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या आरशांच्या पोकळीत साधारण २.४ मायक्रॉनचा लेसर प्रकाश तयार होतो. पोकळीत एक वळवता येणारा घटक असल्याने तरंगलांबी २.२ ते २.६ मायक्रॉनच्या दरम्यान हवी तशी सरकवता येते. बाहेर पडणारा प्रकाश फ्लोराइड काचेच्या फायबरमधून कामाच्या टेबलापर्यंत येतो. म्हणजे यंत्राच्या सुरुवातीला फायबर आहे, शेवटीही फायबर आहे आणि मधला, सर्वांत महत्त्वाचा टप्पा मात्र मोकळ्या हवेतला आहे.

हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. पारदर्शक प्लास्टिक लेसरने जोडताना नेहमीचा ८०८ किंवा ९८० नॅनोमीटरचा डायोड लेसर वापरला, तर प्रकाश प्लास्टिकमधून सरळ आरपार निघून जातो. तो शोषला जावा म्हणून एका भागात काजळी किंवा खास रंगद्रव्य मिसळावे लागते. सलाइनच्या नळीच्या जोडणीत असे काही मिसळणे ग्राहकाला नको असते, आणि ते योग्यच आहे. कार्बन-हायड्रोजन बंधांची मूळ कंपने ३.३ ते ३.५ मायक्रॉनच्या आसपास शोषण करतात, आणि त्यांचे संयुक्त पट्टे २.२ ते २.५ मायक्रॉनच्या दरम्यान येतात. म्हणून या प्रदेशात प्लास्टिक स्वतःच प्रकाश शोषते, आणि तरंगलांबी थोडी अलीकडे-पलीकडे केली की उष्णता किती खोलवर पोहोचेल हे ठरवता येते.

आमच्याकडे पॉलिकार्बोनेटच्या वाटीसारख्या भागात नळीचे टोक बसवून ते फिरवत जोडले जाते. जोड नीट बसला की दोन भिंतींमधली चंदेरी रेघ, जी खरे तर त्या भिंतींमधल्या हवेच्या पातळ थरामुळे दिसते, ती कडेपासून मावळत जाते आणि पूर्ण वेढ्यानंतर तिथे काही जोडले आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. भिंग लावून पाहिले तरी बुडबुडे दिसत नाहीत, करपल्याचा पिवळेपणा दिसत नाही. तरंगलांबी शोषणाच्या शिखरावर नेली, तर मात्र वरचाच पृष्ठभाग वितळतो आणि आतला जोड कच्चा राहतो. म्हणून शिखराच्या उतारावर, जाडीनुसार जागा शोधावी लागते. हे शोधण्याची मोकळीक एकाच ठरावीक तरंगलांबीच्या यंत्रात नसते. या एका गुणासाठी मी या लेसरला पैकीच्या पैकी गुण देतो.

मग काचेच्या फायबरचा लेसर का घेतला नाही, हा पुढचा रास्त प्रश्न. आपल्या घरी इंटरनेट आणणारी सिलिका काच २ मायक्रॉनपर्यंत फार चांगली चालते, परंतु साधारण २.४ मायक्रॉनच्या पुढे तिची पारदर्शकता झपाट्याने ढासळते. सिलिकातील अणूंची कंपने फार ऊर्जेची, सुमारे ११०० प्रति सेंटिमीटर (हे वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे माप) इतकी असल्यामुळे त्यात लेसरसाठी मिसळलेल्या आयनांची मध्य-अवरक्त प्रकाशात जाणारी ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन विरते. यावर उपाय म्हणून फ्लोराइड काच आली. १९७० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्समधील रेन येथे सापडलेल्या या काचेत कंपनांची ऊर्जा सिलिकाच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम व सोडियम यांच्या फ्लोराइडांपासून बनलेली तिची झेडब्लॅन ही जात आज या पट्ट्यातील फायबर लेसरांचा कणा आहे. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये अर्बियमयुक्त फ्लोराइड फायबरमधून २९३८ नॅनोमीटरवर ३० वॅटहून अधिक सलग शक्ती मिळवली, आणि ते काम खरोखर मोठे आहे.

असे असूनही झेडब्लॅनच्या लेसराबाबत मी आमच्या जागेचा विचार करून मागे फिरलो. ही काच साधारण २६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ व्हायला लागते, तिची उष्णतावहनक्षमता सिलिकापेक्षाही कमी आहे, आणि पाणी तिचे वैरी आहे. फायबरच्या उघड्या टोकात बाष्प मुरत जाते, हायड्रॉक्सिल गट तयार होतात, ते नेमके ३ मायक्रॉनच्या जवळचा प्रकाश शोषतात, टोक तापते, तापल्याने बाष्प आणखी वेगाने मुरते आणि अखेर टोक जळून जाते. टोकाला संरक्षक टोपी जोडून हे लांबवता येते. पण जून ते सप्टेंबर जिथे भिंतीवरचा रंगसुद्धा फुगतो अशा इमारतीत असा लेसर चोवीस तास कोरड्या पेटीत सांभाळणे आम्हांला झेपणारे नव्हते. शिवाय अर्बियमची तरंगलांबी २.८ मायक्रॉनच्या आसपास असते, आणि आमच्या कामाला हवा असलेला २.२ ते २.५ चा पट्टा तिच्या आवाक्यातच येत नाही.

झिंक सेलेनाइड या बाबतीत वेगळ्याच घराण्यातले आहे. ॲक्रिलिक आणि लाकूड कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसर यंत्रांतली पिवळी भिंगे ज्यांनी पाहिली असतील त्यांनी हा पदार्थ पाहिलेलाच आहे. दृश्य प्रकाशाच्या पिवळ्या भागापासून जवळजवळ २० मायक्रॉनपर्यंत तो पारदर्शक असतो, आणि पाण्यात विरघळत नाही. त्याची जालककंपने, म्हणजे स्फटिकातील अणूंची कंपने, सुमारे २५० प्रति सेंटिमीटर इतक्या कमी ऊर्जेची आहेत, त्यामुळे मध्य-अवरक्त प्रकाश देणाऱ्या आयनांना तो चांगले घर देतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी द्विसंयुजी क्रोमियम या स्फटिकात घातला, तर खोलीच्या तापमानालाच रुंद पट्ट्यात लेसर क्रिया मिळते हे दाखवले. क्रोमियमचे शोषण १.७७ मायक्रॉनच्या आसपास शिखर गाठते आणि १.९ मायक्रॉनलाही पुरेसे असते, म्हणून थुलियम फायबर लेसर त्याला पंप म्हणून चपखल बसतो. त्याचे उत्सर्जन साधारण १.९ ते ३.३ मायक्रॉन इतके पसरलेले आहे. क्रोमियम घालण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. बाष्पनिक्षेपणाने तयार केलेल्या झिंक सेलेनाइडच्या चकतीवर क्रोमियमचा पातळ थर देऊन ती निर्वात नळीत ९०० ते १००० अंश तापमानाला अनेक दिवस ठेवतात, आणि क्रोमियम हळूहळू आत झिरपतो. वितळवून एकसंध स्फटिक वाढवण्याची गरज राहत नाही, म्हणूनच हा बहुस्फटिकी माल तुलनेने परवडणाऱ्या दरात मिळतो.

आमच्या यंत्रासोबत एक जादा स्फटिक आला होता, तो उघडून पाहण्याची संधी मी सोडली नाही. नुसते झिंक सेलेनाइड लिंबाच्या सालीसारखे पिवळे असते. क्रोमियम घातलेला हा तुकडा गडद, तांबूस नारिंगी होता, आणि खिडकीकडे धरून तिरका केला की कडेला रंगाची छटा किंचित बदलत असे, म्हणजे क्रोमियम कडेपर्यंत अगदी समान पसरलेला नव्हता. पैलू मात्र फार सुबक घासलेले होते. हा पदार्थ काचेपेक्षा कितीतरी मऊ असल्यामुळे साध्या कापडाने पुसला तरी ओरखडे उठतात. स्वच्छ ॲसिटोनमध्ये भिजवलेला भिंग-कागद स्वतःच्या वजनाने एकदा ओढून घ्यावा आणि तो कागद टाकून द्यावा, हीच पद्धत. बोटाचा ठसा तर मुळीच लागता कामा नये. त्याचा अपवर्तनांक २.४४ च्या जवळपास असल्यामुळे लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावरून १७ टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फिरतो, म्हणून परावर्तनरोधी लेप अत्यावश्यक ठरतो आणि त्या लेपावरचा एकेक डाग शक्तीत मोजता येतो. तुकडा फुटला तर त्याची धूळ विषारी असते, आणि आम्लाशी संपर्क आला तर हायड्रोजन सेलेनाइड हा घातक वायू सुटू शकतो. कंपनीने याची सूचना दिली होती, पण ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत होती. ती पेटीच्या झाकणावर ठळक छापायला हवी होती.

आता उष्णतेकडे वळतो, कारण या यंत्राचे खरे दुखणे तिथे आहे. १९०८ नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन २४०० नॅनोमीटरचा द्यायचा, यातच शोषलेल्या ऊर्जेचा किमान पाचवा हिस्सा उष्णता होतो, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक होतो. झिंक सेलेनाइड उष्णता चांगली वाहून नेते, परंतु तापमानाबरोबर त्याचा अपवर्तनांक फार वेगाने बदलतो, आणि लेसरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या यॅग (यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकाच्या तुलनेत हा बदल सात-आठपट आहे. पंपाचा किरण जिथे केंद्रित होतो तिथे स्फटिक मधोमध तापून स्वतःच भिंग बनतो, आणि हे भिंग शक्तीनुसार बदलत राहते. आरशांची मांडणी एका विशिष्ट शक्तीसाठी जुळवलेली असेल, तर शक्ती कमी-जास्त करताच किरणाचा आकार बदलतो. याशिवाय स्फटिक फार तापला, तर क्रोमियमच्या उत्तेजित अवस्थेचा कालावधी, जो खोलीच्या तापमानाला अवघा ५ ते ६ मायक्रोसेकंद असतो, आणखी घटतो आणि कार्यक्षमता घसरते.

वापरताना हे असे जाणवते की यंत्र सुरू केल्यावर काही काळ किरणाचा ठिपका टेबलावर आकार बदलत राहतो आणि त्या वेळात केलेले जोड टाकून द्यावे लागतात. एकदा स्थिरावला की दिवसभर तो तसाच राहतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण आमच्या कामात दोन भागांच्या मालांमध्ये शक्ती बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा वाट पाहावी लागते. मोठ्या शक्तीच्या यंत्रांत या अडचणीवर कसा मार्ग काढला गेला तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील एका कामात संशोधकांनी स्फटिकाची कडी बनवून ती वेगाने फिरवली, म्हणजे पंपाचा प्रकाश सतत थंड भागावर पडत राहिला, आणि २.५ मायक्रॉनवर १४० वॅट शक्ती मिळवली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुकास्पद आहे, पण फिरता स्फटिक, त्याचे बेअरिंग आणि त्याचा तोल सांभाळणे छोट्या कारखान्याला परवडणारे नाही.

पावसाळ्यातला अनुभव सविस्तर सांगतो, कारण मुंबईतल्या ग्राहकाला कंपनीच्या माहितीपत्रकात नेमका तोच सापडणार नाही. स्फटिकाच्या तांब्याच्या आधाराला चिलरचे, म्हणजे पाणी थंड करून फिरवणाऱ्या यंत्राचे, पाणी पोहोचते आणि कंपनी चिलर २० अंशांवर ठेवायला सांगते. खोली वातानुकूलित असेल, समजा २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, १४ अंशांच्या जवळपास राहतो आणि काही बिघडत नाही. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू मात्र २५ अंशांपर्यंत चढतो. एका सायंकाळी आमच्या इमारतीची वीज गेली. लेसर आणि चिलर यूपीएसवर होते, वातानुकूलन नव्हते. काम उरकण्याच्या घाईत दार उघडे राहिले होते आणि बाहेर धो-धो पाऊस चालू होता. आमचा तंत्रज्ञ झाकणाच्या खिडकीतून आत डोकावून म्हणाला, “साहेब, तांब्याला घाम फुटलाय.” आधाराच्या कडेने बारीक थेंब ओळीने उभे होते आणि त्यांतला एक स्फटिकाच्या पैलूकडे सरकत होता. पंप तत्काळ बंद केला म्हणून लेप वाचला. स्फटिकाला स्वतःला पाण्याने काही झाले नाही, वाळवल्यावर तो पूर्ववत चालला, आणि फ्लोराइड काचेच्या तुलनेत तो किती सहनशील आहे याची खात्री तिथेच पटली. परंतु ओल्या पैलूवर पंपाची शक्ती पडत राहिली असती, तर लेप नक्की उडाला असता.

यानंतर आम्ही चिलरच्या नियंत्रणाला आर्द्रतामापक जोडून घेतला, जेणेकरून पाण्याचे तापमान दवबिंदूच्या खाली जाताच पंप आपोआप बंद होईल. हे काम आमच्या इलेक्ट्रिशियनने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांत केले. जे काम इतक्या सहज होते ते कंपनीने मुळातच करून का दिले नाही, हा प्रश्न मी त्यांना लेखी विचारला. उत्तर असे आले की यंत्र नियंत्रित वातावरणाच्या प्रयोगशाळेसाठी आहे. औद्योगिक वापरासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राबाबत हे उत्तर मला मुळीच पटलेले नाही.

हवेतल्या बाष्पाचा त्रास आणखी एका प्रकारे होतो. पाण्याच्या वाफेचे जोरदार शोषण साधारण २.५ मायक्रॉनच्या पुढे सुरू होते आणि २.६ ते २.७ च्या प्रदेशात तर पोकळीतल्या हवेतच प्रकाश अडतो. ऑगस्टमध्ये तरंगलांबी त्या टोकाला नेली की शक्ती थरथरते, कारण वाफेच्या प्रत्येक बारीक शोषणरेषेला चुकवत लेसर एका तरंगलांबीवरून दुसरीवर उडी मारत राहतो. झाकणाला कोरड्या नायट्रोजनची नळी जोडून पोकळी भरत ठेवली की हे थांबते. नायट्रोजनचा सिलिंडर आणि त्याचा नियामक हा खर्च खरेदीच्या अंदाजातच धरावा. २.४ च्या आसपास काम करणाऱ्याला नायट्रोजनवाचूनही निभावता येते.

हादऱ्यांबाबत तक्रार मध्यम स्वरूपाची आहे. आमच्या खालच्या मजल्यावर प्लास्टिक ढाळण्याची यंत्रे आहेत आणि मालाची लिफ्ट भिंतीला लागूनच आहे. कंपनीने दिलेले रबरी पाय पुरेसे ठरले नाहीत. हवेच्या गाद्यांवरचे टेबल घ्यावे लागले, त्यानंतर शक्तीतली चढउतार नजरेआड झाली. आरसे पुन्हा जुळवणे हे मात्र जिकिरीचे काम आहे. २.४ मायक्रॉनचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मोबाइलचा किंवा साधा सिलिकॉन कॅमेरा १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो, आणि प्रकाश पाहायला पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेवरून प्रकाश टिपणारा कॅमेरा लागतो, जो स्वतःच महाग आहे. तांबडा निर्देशक किरण स्फटिकातून कसाबसा जातो, त्याच्या आधारे ढोबळ जुळवणी होते, पण अखेरची जुळवणी पॉवर मीटरकडे पाहत, आरशाचा स्क्रू केसभर फिरवत करावी लागते. हाताखालच्या माणसाला हे शिकवण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

सोबत आलेल्या फ्लोराइड फायबरविषयी दोनच वाक्ये पुरेत. तो ठीक चालतो, पण काम संपल्यावर टोपी न लावता ठेवला, तर पावसाळ्यात त्याचे टोक दुधाळ दिसू लागते आणि मग ते कापून पुन्हा घासावे लागते. टोपी, सिलिका जेलची डबी आणि बंद कपाट ही शिस्त पाळली, तर तो टिकतो.

सेवेबद्दल संमिश्र मत आहे. परदेशातील अभियंते ईमेलला तपशीलवार, मुद्देसूद उत्तरे देतात आणि पोकळीचा आराखडा मागितल्यावर तो त्यांनी हातचे न राखता दिला, हे मला फार आवडले. त्यांच्या इथल्या प्रतिनिधीचा मात्र विषयाशी परिचय बेताचाच होता. सहारच्या एअर कार्गो संकुलात पेटी अडकली ती कागदपत्रांत स्फटिकाचे वर्णन अपुरे लिहिल्यामुळे, आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी आम्हांलाच धावपळ करावी लागली. झिंक सेलेनाइडची साधी भिंगे आणि खिडक्या आता भारतातल्या पुरवठादारांकडे सहज मिळतात. क्रोमियमयुक्त स्फटिक आणि त्याचे विशेष लेप दिलेले आरसे मात्र बाहेरूनच येतात. म्हणून किमान एक जादा स्फटिक आणि एक आरशांचा संच सुरुवातीलाच मागवून ठेवणे शहाणपणाचे.

या साऱ्या अडचणी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणल्या, तर तापणारे भिंग, घामेजणारा आधार, पोकळीतली वाफ, सरकणारे आरसे, ह्या सगळ्यांचे मूळ एकच आहे असे दिसते, आणि ते म्हणजे स्फटिक आखूड व जाड आहे आणि प्रकाश मोकळ्या हवेतून ये-जा करतो. तोच पदार्थ केसासारखा बारीक आणि लांब केला, तर उष्णता लांबीभर विभागली जाते, आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि ती चटकन बाहेर पडते. प्रकाशाचा आकार गाभ्याने बांधलेला राहतो, त्यामुळे तापलेल्या मधल्या भागाला भिंग बनून किरण बिघडवण्याची संधी फारशी मिळत नाही. आरसे फायबरच्या टोकांवरच बसवता आले, तर पोकळीत हवा उरतच नाही.

स्फटिकाचा फायबर ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टोन आणि बरस यांनी १९७५ मध्ये निओडिमियमयुक्त यॅगच्या एकस्फटिकी फायबरमधून लेसर क्रिया दाखवली होती. लेसरच्या उष्णतेने दांड्याचे टोक वितळवून त्या थेंबातून बारीक स्फटिक वर खेचत नेण्याची पद्धत पुढे विकसित झाली, आणि त्याच पद्धतीने बनवलेले नीलमण्याचे फायबर ३ मायक्रॉनच्या आसपासचा वैद्यकीय लेसर प्रकाश वाहून नेण्यासाठी वापरले जातात. पण असे फायबर बहुतेक वेळा आवरणाविना असतात, म्हणजे गाभा तेवढा आणि भोवती हवा, त्यामुळे त्यांत प्रकाश अनेक रूपांनी (मोडनी), म्हणजे वेगवेगळ्या आकारांत एकाच वेळी धावतो आणि किरण सुबक राहत नाही.

झिंक सेलेनाइडसाठी ही पद्धत सरळ वापरता येत नाही, कारण तापवल्यावर ते वितळण्याआधीच मोठ्या प्रमाणात बाष्प होऊन उडू लागते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील जॉन बॅडिंग यांच्या गटाने यावर काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी सिलिकाची पोकळ केशनलिका घेतली आणि तिच्यात प्रचंड दाबाखाली वायुरूप रसायने सोडून आतल्या भिंतीवर झिंक सेलेनाइडचा थर थरावर चढवत नेला, जोवर पोकळी जवळजवळ भरून गेली नाही तोवर. अशा रीतीने झिंक सेलेनाइडचा गाभा असलेला प्रकाशवाही फायबर त्यांनी २०११ मध्ये सादर केला, आणि त्याच गटाने पुढे क्रोमियम घालून अशा फायबरमधून लेसर क्रियाही मिळवली. फायबरभोवती आवरण म्हणून सिलिका आयतीच असते. मात्र थर चढण्याची गती फार मंद असते, लांबी सेंटिमीटरांत मोजावी लागते, बहुस्फटिकी कणांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, आणि गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांत इतका मोठा फरक असतो की एकाच रूपात प्रकाश धावावा असा गाभा बनवणे कठीण जाते. म्हणून आज दुकानातून घेता येईल असे ते उत्पादन नाही. तरीही क्रोमियमला लागणारी लांबी काही सेंटिमीटरच आहे, किलोमीटर नव्हेत, हे लक्षात घेतले तर या दिशेने उपयोगी यंत्र तयार होण्यात मूलभूत अडसर दिसत नाही. याच घराण्यातील लोहयुक्त झिंक सेलेनाइड ४ ते ५ मायक्रॉनचा प्रकाश देते, पण खोलीच्या तापमानाला त्याची उत्तेजित अवस्था मायक्रोसेकंदाच्याही आत संपते. तिथे उष्णता चटकन काढून घेणाऱ्या फायबरचा लाभ आणखी मोठा ठरेल.

सुरक्षेविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १.४ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो निर्धोक आहे असे विक्रेते सांगतात. तो बुबुळावरच्या पारदर्शक पटलात शोषला जातो आणि काही वॅटचा किरण ते पटल जाळू शकतो. योग्य तरंगलांबीचे चष्मे यंत्रासोबत मिळत नाहीत; ते घेतल्याशिवाय झाकण उघडू नये.

ज्यांना पारदर्शक प्लास्टिक जोडायचे आहे आणि जाडीनुसार तरंगलांबी बदलण्याची खरोखर गरज आहे, किंवा २.३ मायक्रॉनच्या पट्ट्यात मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या शोषणाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी हे यंत्र घ्यावे, असे मी सांगेन. एकाच प्रकारचा माल आणि एकच जाडी असेल, तर १.९४ मायक्रॉनचा साधा थुलियम फायबर लेसर पुरेसा आहे. तो बंदिस्त असतो, स्वस्त पडतो आणि त्याला आरसे जुळवावे लागत नाहीत. स्फटिकाचे यंत्र घेणाऱ्यांनी मागणीपत्रात पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. दवबिंदूशी जोडलेली पंप बंद करणारी व्यवस्था, झाकणाला नायट्रोजनसाठी तयार छिद्र, शक्ती बदलल्यावर किरण स्थिरावण्यास लागणारा वेळ, आणि क्रोमियमचे प्रमाण व शोषण यांच्या मोजमापासह स्फटिकाचे प्रमाणपत्र. वातानुकूलन आणि चिलर एकाच यूपीएसवर घ्यावेत. ते शक्य नसेल, तर वीज जाताच चिलरही थांबेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून यंत्र येण्यापूर्वीच करून घ्यावी.